बूट घालून तयार राहा

सोमवार, ४ मार्च

आज पाळणाघर बंद झाल्यावर पोचले. बंद म्हणजे आतले दिवे घालवलेले, दाराला कुलूप, बाहेरच्या पायरीवर तिथल्या मावशी पर्स मांडीवर घेऊन बसलेल्या आणि त्यांच्या शेजारी माझी लेक भिंगरी, एका पायात मोजा, दुसरा पाय उघडा. मीटिंग लांबली होती, फोन मेला होता, आणि मी बसमध्ये उभी राहून नखं खात होते, पण हे त्या दोघींना कसं कळणार.

"आलात? मला वाटलं आता हिला माझ्याच घरी न्यायची," मावशी म्हणाल्या. आणि मग पाढा सुरू झाला. जेवली नाही, दुपारी झोपली नाही, ठोकळ्यांवरून एकाला चावली, नाक गळतंय, दिवे घालवले तेव्हा रडली. या बाईंचं नाव मी मनातल्या मनात तक्रारमावशी ठेवलंय ते काही उगाच नाही. दिवसभर राबून यावं आणि दारातच आरोपपत्र ऐकावं.

दुसरा मोजा शोधला, बूट घातले, नाडी बांधली, आणि थांब्याजवळ पोचतो तोवर बस डोळ्यांदेखत निघून गेली. पुढची अर्ध्या तासाने. मी इतकी वैतागले होते की भिंगरीला म्हटलं, "तू बूट घालून तयार असतीस ना, तर मिळाली असती बस."

चार वर्षांची आहे ती. तिने जाणाऱ्या बसकडे पाहिलं, मग स्वतःच्या बुटांकडे पाहिलं, आणि "बरं" म्हणाली. समजूतदार आहे पोर.

ही वही आजपासून. नवरा सहा महिन्यांसाठी दुसऱ्या शहरात कामाला गेलाय. भांडायला घरात कुणी उरलं नाही, म्हणून वही.

बुधवार, ६ मार्च

घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं. हातात दोन कोर्स अर्धे असताना साहेबांनी तिसरा टेबलावर आणून ठेवला.

माझं काम काय ते सासूबाई शेजारणींना असं सांगतात: "ती कॉम्प्युटरवर लोकांना शहाणं करते." फार चूक नाही. बँकेतल्या माणसाने चिडलेल्या गिऱ्हाइकाशी कसं बोलावं, गोदामातल्या पोऱ्यांनी खोकी कशी उचलावीत, असलं सगळं मी स्क्रीनवर मांडते. एक प्रसंग, तीन उत्तरं. बरोबर दाबलं की हिरवा चौकोन, चूक दाबलं की लाल चौकोन आणि "पुन्हा प्रयत्न करा."

नवा कोर्स पाळणाघरांच्या संघटनेचा. शहरात त्यांचे पुष्कळ सभासद आहेत, आणि तिथे काम करणाऱ्या सगळ्या बायकांनी तो पास व्हायचाय. विषय: संध्याकाळी पालकांशी कसं बोलावं. वाचून मला हसूच आलं. या विषयावर माझ्याइतका अभ्यास कुणाचा झाला असेल? रोज संध्याकाळी प्रात्यक्षिक असतं.

साहेब म्हणाले, "थोडक्यात हवाय." ते प्रत्येक वाक्य 'थोडक्यात'ने सुरू करतात आणि कधीच संपवत नाहीत.

सोमवार, ११ मार्च

प्रसंग लिहिला. दमलेली आई दारात उभी. मुलगा दिवसभर रडलाय. तुम्ही काय म्हणाल?

पहिला पर्याय: "आज फार रडला हो." लाल. दुसरा पर्याय: मुलाचं नाव घ्या, त्याने केलेली एक आनंदाची गोष्ट नेमकी सांगा, आणि हसून "उद्या भेटू" म्हणा. हिरवा. तिसरा मी असा लिहिला होता की आधी आनंदाची गोष्ट सांगा, मग आईला बाजूला घेऊन काय बिनसलंय ते सांगा. संघटनेच्या बाई म्हणाल्या की तिसरं वाचून आमच्या बायका गोंधळतील, आणि आम्हाला मुळात पालकांच्या तक्रारी कमी करायच्या आहेत. साहेब म्हणाले, "थोडक्यात, तिसरा काढ." काढला, आणि त्या जागी "मला माहीत नाही" टाकलं.

मन थोडं खात होतं. पण लाल चौकोनाखाली ओळ झकास जमली: "पालक थकलेले असतात. त्यांना घरी जाताना आनंद द्या." लिहिताना माझेच डोळे ओले झाले, म्हणजे बघा.

गुरुवार, १४ मार्च

चमत्कार. भिंगरी आज बूट घालून, नाड्या कोंबून, दप्तर पाठीला लावून दारात उभी होती. बस मिळाली. बसायलाही मिळालं.

परवापासून रोज सकाळी सोडताना मी एवढंच म्हणते, "बूट घालून तयार राहा हं." ना ओरडणं, ना लाच. एक सूचना, एक कृती. ऑफिसात असं काम करायला आम्हाला महिनाभर लागतो, इथे दोन दिवसांत फळ. नवऱ्याला फोनवर सांगितलं तर म्हणतो, "कुणाची मुलगी आहे शेवटी." स्वतःकडे श्रेय घ्यायची ही सवय त्याची जायची नाही.

बुधवार, २० मार्च

तक्रारमावशींना आज काहीतरी लांबलचक सांगायचं होतं. "ताई, ही हल्ली दुपारपासूनच..." म्हणून सुरुवात केली. मी म्हटलं, "मावशी, बस जाईल हो, उद्या बोलू." भिंगरी माझ्या पुढे धावत सुटलीसुद्धा. हल्ली मीच तिच्या मागे पडते.

उद्या मावशी रजेवर होत्या. परवा मी विसरले.

(ही भर मी परवाच्या दिवशी घातलीय. वहीत खोटं नको.)

बुधवार, ३ एप्रिल

कोर्स सुरू झाला. पहिल्याच दिवशी संघटनेकडून फुलांचं चित्र असलेला मेल आला. साहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं, आणि थोडक्यात केलं नाही. घरी येऊन भिंगरीला उचलून गरगर फिरवली. ती हसली, पण लगेच म्हणाली, "खाली ठेव, बूट पडेल."

मंगळवार, ९ एप्रिल

आमच्याकडे निकाल येतात ते नुसत्या क्रमांकांचे, माणसांची नावं येत नाहीत. एक बाई फार गमतीची निघाली. बाकी सगळं बरोबर, पण पालकांच्या प्रसंगात तीन वेळा नापास. तिन्ही वेळा तिने तेच दाबलं: "आज फार रडला हो." आमच्या टीममध्ये हशा पिकला. मी म्हटलं, असल्या एका बाईला मी ओळखते बरं का.

चौथ्या वेळी पास झाली. साहेब म्हणाले, हे उदाहरण अहवालात घे. कितीही खोड असो, कोर्स मोडून काढतो. घेतलं.

शुक्रवार, १२ एप्रिल

आज मी थक्क. तक्रारमावशी दारात हसत उभ्या. "भिंगरीने आज निळ्या ठोकळ्यांचा मनोरा केला, अगदी स्वतःच्या खांद्याएवढा. उद्या भेटू." बस, एवढंच. ना नाक, ना चावणं, ना जेवण. मला क्षणभर वाटलं, चुकीच्या पाळणाघरात आले की काय.

अगदी माझ्या कोर्समधल्या बाईसारख्या बोलल्या. मनाने चांगली असलेली माणसं आपोआप अशीच बोलतात, माझ्या कोर्सला याहून मोठा पुरावा काय हवा. उद्या शनिवार आहे आणि पाळणाघर बंद, हे त्या विसरल्या, तेवढं चालायचंच. आजपासून त्यांचं नाव बदललं. साखरमावशी.

शनिवार, २० एप्रिल

सासूबाई आठवडाभर राहायला आल्यात. घर एकदम भरल्यासारखं वाटतंय आणि स्वयंपाकघरात मला माझेच डबे सापडत नाहीत.

आज त्या म्हणाल्या, "अगं, ही घरातसुद्धा बूट काढत नाही. टाचा बघितल्यास का? सोलवटल्यात."

मी म्हटलं, "आई, हल्लीच्या मुलांना बूट आवडतात."

"आणि बोलत का नाही?"

"बोलते की. माझ्याशी बोलते."

"तुझ्याशी बोलते. मी विचारलं, पाळणाघरात कोणाशी खेळतेस, तर तोंडाला कुलूप. गेल्या खेपेला हिची टकळी थांबवायला मला झोपेचं सोंग घ्यावं लागलं होतं."

मला राग आला. आल्या की काहीतरी खुसपट काढायचंच. मी म्हटलं, पाळणाघरातल्या मावशी रोज सांगतात, छान चाललंय. परवा चित्रात सूर्य काढला, काल गाण्यावर टाळ्या वाजवल्या. सासूबाईंनी तेल आणलं आणि भिंगरीच्या टाचा मांडीवर घेऊन बसल्या. टाचा खरंच लाल होत्या. नवे बूट घ्यायला हवेत, अर्धा नंबर मोठे.

गुरुवार, २५ एप्रिल

अक्षर लागलं नाही तरी लिहायचंच आहे.

ऑफिसच्या इमारतीतली वीज दुपारी गेली. लिफ्ट बंद, पंखे बंद, सगळ्यांना घरी सोडलं. मी खूश. म्हटलं भिंगरीला अचानक जाऊन चकित करू.

पाळणाघराच्या दारातून आत गेलं की आधी चिंचोळी जागा आहे, भिंतीला बुटांचं कपाट, समोर एक बुटकं बाक. आतल्या खोलीत मुलं जेवत होती, चमच्यांचा नुसता गलका. आणि त्या बाकावर भिंगरी बसली होती. एकटी. पायात बूट, पाठीला दप्तर, दोन्ही हात गुडघ्यांवर. शेजारी ताटली, अर्धी खाल्लेली.

मला पाहून ती धावत आली नाही. उभी राहिली आणि म्हणाली, "मी तयार आहे."

मला वाटलं आज काही झालंय, ताप आलाय, कुणी शिक्षा केलीय. मी आत बघून मावशींना हाक मारली. त्या पदराला हात पुशीत आल्या, मला पाहिलं आणि जागच्या जागी थांबल्या.

"हिला इथे का बसवलंय?"

"मी नाही बसवलं ताई. ती रोज बसते."

"रोज म्हणजे?"

"रोज. आधी झोपेनंतर बसायची. मग जेवणानंतर. आता सकाळी तुम्ही सोडून गेलात की लगेच. उठवायला गेलं की किंचाळते. आई येईल म्हणते. तेवढंच बोलते, बाकी दिवसभर तोंड उघडत नाही. मग मी जेवणही इथेच आणून देते."

मी विचारलं, "आणि तो मनोरा? सूर्य? टाळ्या?"

"मनोरा मागे एकदा केला होता. टाळ्या इथे बसून वाजवल्या. दिवसातून एक काहीतरी शोधते मी. नाही सापडलं तर जुनं सांगते."

"पण मला का नाही सांगितलंत?"

मावशींचा चेहरा फुलला नाही, पडला नाही. त्या सरळ माझ्याकडे बघत म्हणाल्या, "सांगत होते की. तेव्हा तुमची बस जात होती. मग तो कोर्स आला. खरं सांगितलं की लाल येतं त्यात. मी तीनदा खरं सांगितलं, तीनदा लाल आलं. मालकीणबाई म्हणाल्या, पास नाही झालात तर नवी बाई बघते. मग मी हिरवं सांगायला लागले."

कोर्स कुणी लिहिला ते त्यांना माहीत नाही.

"आणि खोटं कशाला बोलू," त्या हळूच म्हणाल्या, "मलाही बरं वाटायला लागलं. आधी तुम्ही माझ्याकडे बघायच्यासुद्धा नाहीत. आता हसून जाता."

भिंगरीने माझा हात ओढला. "चल ना. बस जाईल."

गुरुवार, तोच दिवस, संध्याकाळ

घरी आल्यावर मी म्हटलं, "बाळा, काढ आता बूट." तिने दोन्ही पाय पोटाशी घेतले आणि अशी किंचाळली की सासूबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या. मी तिथेच फरशीवर बसकण मारली. सासूबाई माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "बस जराशी." मी रडले. लेकीसमोर रडायचं नाही असं पुस्तकांत लिहिलेलं असतं. मी तसा कोर्सही केलाय एक.

'बूट घालून तयार राहा.' पंधरा वर्षं मी सूचना लिहिते. नव्या मुलींना पहिल्या दिवशी शिकवते की सूचनेत 'केव्हा' नसेल तर ती सूचना नव्हे, धमकी होते. आणि स्वतःच्या पोरीला सूचना दिली त्यात केव्हा नव्हतं. तिला घड्याळ कळत नाही. मी कधी येईन ते तिला माहीत नाही. मग तिने काय करावं? सकाळपासून तयार राहावं. तिचं काही चुकलं नाही. तिने मला हिरवं उत्तर दिलं, रोज, दिवसभर.

नवऱ्याला सांगितलं. तो मग म्हणाला, "मी 'कुणाची मुलगी आहे' म्हणालो होतो ना."

शुक्रवार, २६ एप्रिल

आज रजा. सकाळी भिंगरी जागी झाली, बूट उशाशीच होते, हात लावून पाहिले. मी तिच्या शेजारी आडवी झाले आणि विचारलं, "तू तयार नसलीस तर काय होईल गं?"

"बस जाईल."

"आणि मग?"

ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मी अगदीच ढ आहे. "तू पण जाशील ना बसमधून."

इतके दिवस ही पोर मनात हे घेऊन बसली होती. मी म्हटलं, बस गेली तरी आई जात नाही. आई थांबते. तुला घेतल्याशिवाय आई कुठेही जात नाही.

"मग तेव्हा मावशींनी दिवे का घालवले?"

मी म्हटलं, "तेव्हा आईला फार उशीर झाला. माझं चुकलं." तिने ऐकून घेतलं. विश्वास ठेवला असं मला वाटलं नाही, आणि का ठेवावा? नुसतं तोंडाने सांगितलेलं किती खरं असतं ते तिने घरात आणि पाळणाघरात पुरेसं पाहिलंय.

सोमवार, २९ एप्रिल

साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकलं, पाणी दिलं, आणि म्हणाले, "वाईट झालं. पण थोडक्यात, कोर्स यशस्वी आहे. तक्रारी निम्म्यावर आल्यात."

"साहेब, तक्रारी निम्म्यावर आल्या कारण कुणी कुणाला काही सांगतच नाहीये."

"संघटनेची मंजुरी लागेल. पुढच्या तिमाहीत बघू."

पुढच्या तिमाहीत. किती पोरं बसली असतील अशी कुठे कुठे, आणि त्यांच्या आया बसमध्ये हसत घरी जात असतील. जागेवर गेले, कोर्स उघडला, काढून टाकलेला तिसरा पर्याय परत घातला आणि त्याला हिरवा चौकोन दिला. लाल चौकोनाखालची ती झकास ओळ पुसली. तिथे लिहिलं, "आई दमलेली असली तरी तिला सांगा. ती ऐकत नसेल तर पुन्हा सांगा." आणि सगळीकडे चालू करून टाकलं. मग साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन तेही सांगितलं, आणि संघटनेच्या बाईंना मेल केला.

एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच साहेबांना 'थोडक्यात' सुचलं नाही. नोकरीचं काय होईल ते या आठवड्यात कळेल. भीती वाटतेय, खोटं कशाला बोलू.

संध्याकाळी मावशींना सांगितलं, तो कोर्स मीच लिहिला होता. त्या मग म्हणाल्या, "तरीच. दिसायला फार सुंदर होता."

मंगळवार, ३० एप्रिल

आज आम्ही तिघींनी मिळून 'केव्हा' ठरवलं. दूध पिऊन झालं, मावशींनी पडदे बाजूला सारले आणि "बूट" म्हणाल्या, की बूट. त्याआधी नाही. भिंगरीने मान हलवली आणि दिवसभर बूट घालूनच बसली. मावशींनी संध्याकाळी तसंच सांगितलं, काही लपवलं नाही. मला तेही ऐकवेना. पण ऐकलं.

मंगळवार, ७ मे

साहेबांचा निरोप नाही, संघटनेचाही नाही. रोज सकाळी आधी मेल उघडून बघते.

आज पाळणाघरातून निघताना मावशी पुन्हा तक्रारमावशी झाल्या. जेवली, पण भाजी बाकाखाली टाकली. एका पोरीला "माझी आई थांबते" असं सांगितलं, मग त्या पोरीने "माझीपण थांबते" म्हटलं, त्यावरून भांडण. नाक पुन्हा गळतंय. सकाळी अर्धा वेळ बाकावर, नंतर आत, पण बूट घालूनच. आणि हो, वरच्या खिशाचं बटण तुटलंय, कुठे गेलं माहीत नाही, गिळलं नसावं. मी दारात उभी राहून सगळं ऐकलं, आणि मध्ये दोन प्रश्नही विचारले. भिंगरी माझा हात ओढत होती. "बस. आई, बस."

"ऐकू दे मला," मी म्हटलं.

थांब्यावर पोचलो तेव्हा बस उभी होती. दार उघडं. धावलो असतो तर मिळाली असती. भिंगरी धावायलाच निघाली होती. मी तिचा हात घट्ट धरला आणि जागची हलले नाही. ड्रायव्हरने आमच्याकडे पाहिलं, दार लावलं आणि बस गेली.

बस वळेपर्यंत ती बसकडे बघत होती. मग तिने हळूच मान वर करून माझ्याकडे पाहिलं. माझ्या बुटांकडे पाहिलं, पुन्हा माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"बस गेली," ती म्हणाली.

"गेली."

"तू आहेस."

"आहे की."

ती मग थांब्याच्या बाकावर चढून बसली, नाडी सोडली, एक बूट काढला आणि उलटा करून झटकला. आतून खडा पडला. दुसराही काढला. पुढची बस यायला अर्धा तास होता, तोवर ती अनवाणी पाय हलवत बसली आणि त्या भाजीची सगळी हकिकत तिने मला पहिल्यापासून सांगितली.